ऐतिहासिक कथेत कालप्रवासी हवाच कशाला?

तुमचा प्रश्न असा की, इतिहासच वाचायचा तर सरळ ऐतिहासिक कादंबरी वाचावी, त्यात हा आजचा माणूस कशाला घुसडायचा? तो जीन्स घालून दरबारात उभा राहिला की सगळी रंगतच जाते. कॉलेजात असताना मीही हेच म्हणायचे. आता डोंबिवली ते सीएसएमटी रोजच्या गाडीत हाताला लागेल ते वाचून वाचून मत बदललंय.

सरळ ऐतिहासिक कादंबरीची एक गोची असते. त्या काळातल्या माणसाला त्याचा काळ दिसतच नाही. पेशव्यांचा कारकून 'आज मी बोरूने मोडीत लिहिले' असं मनाशी कधी म्हणणार नाही, जसं आपण 'आज नळाला पाणी आलं आणि मी ते प्यायले' असं कुणाला सांगत नाही. मग वाचकाला माहिती द्यायची कशी? तर दोन सरदार एकमेकांना तोंडपाठ असलेल्या गोष्टी ऐकवत बसतात. 'आपणांस विदित आहेच की...' अरे, विदित आहे तर सांगतोस कशाला बाबा!

बाहेरचा माणूस आला की ही अडचण सुटते, कारण त्याला सगळंच नवं असतं. समजा, मला १८५५ सालच्या गिरगावात सोडलं. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन दोनच वर्षं झालीत. मराठी माझी मातृभाषा, पण कुणी मोडीतली चिठ्ठी हातात दिली तर मी ठार अडाणी. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे पहिल्याच भाजीवालीपाशी माझा हिशेब कोलमडणार. आणि तहान लागली तर? विहार तलावाचं पाणी अजून शहरात आलेलं नाही, सगळी मदार विहिरींवर आणि तळ्यांवर. विहिरीपाशी गेले की पहिला प्रश्न येणार, "कोण गं तू? कुणापैकी?" त्याचं उत्तर काय देते त्यावर घोटभर पाणी मिळायचं की नाही ते ठरणार.

माझ्या लेखी कालप्रवासाची खरी गंमत इथे आहे. गंमत म्हणायला जीभ रेटत नाही, पण तरी. मनातल्या मनात आपण सगळे इतिहासात जातो ते थेट दरबारात, निदान वाड्याच्या दिंडीदरवाज्यात तरी. विहिरीपाशी कुणी उतरत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला, आणि तरीही १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. म्हणजे कालयंत्राचा काटा कुठेही फिरवा, तुम्ही कोण म्हणून उतरता याला सुट्टी नाही. अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांच्या १९७९ च्या 'किंड्रेड' या कादंबरीत हेच आहे. १९७६ सालच्या कॅलिफोर्नियातली एक कृष्णवर्णीय लेखिका पुन्हा पुन्हा गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते. ती शिकलेली आहे, तिला पुढचा इतिहास माहीत आहे, आणि तिथे त्याचा तिला काडीचा उपयोग नाही. शेवटी परत येताना ती एक हात गमावून बसते. वाचून झाल्यावर मी दोन स्टेशनं नुसती बाहेर बघत होते.

आता आपल्याकडचं. मराठी माणसाला 'जर-तर'ची ओढ कुठे लागते हे सांगायला नको. 'विश्वास तर पानिपतातच गेला' असं आपण उधार मागणाऱ्यालासुद्धा ऐकवतो. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. काटेकोर बोलायचं तर तो कालप्रवास नाही, समांतर विश्व आहे, पण तुमच्या प्रश्नाला तेही चालेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे मुंबईला येतात, तर मुंबईत इंग्रजांचा अंमल! ते टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून इतिहासाचे खंड चाळतात, फाटा नेमका कुठे फुटला ते शोधायला. १७६१ साली विश्वासरावांना लागायची गोळी निसटून गेली आणि मराठे जिंकले, तिथे.

आपण जिंकलो म्हणून वाचक खूश. पण त्याआधी पंत आपल्या मुलाच्या ऑफिसात चौकशी करून आलेले असतात आणि त्या नावाचा माणूस तिथे नसतोच. पानिपत जिंकलं, पोरगा गेला. त्यावर नारळीकर भाष्य करत नाहीत, पंतांना सरळ आझाद मैदानावर नेतात. तिथे व्याख्यान चालू आहे, अध्यक्षांची खुर्ची रिकामी आहे, आणि आयुष्यभर सभांची अध्यक्षपदं भूषवलेले पंत सवयीने तिकडे वळतात. लोक त्यांची जी गत करतात ती मुळातूनच वाचा.

याउलट आजचा इंजिनिअर मागे जाऊन पेशव्यांच्या फौजेला मशीनगन बनवून देतो, असलं काही मला दहा पानांपुढे वाचवत नाही. पेपर फुटलेल्या मुलाचा पहिला नंबर आला, त्यात काय बघायचं? शत्रू मूर्ख, आपले हुशार, मध्ये अडचण म्हणून नाही.

माझ्याकडचा एक कागद सांगते, मग माझं म्हणणं लक्षात येईल. आजीची १९४९ सालची लग्नपत्रिका. मुहूर्त 'सकाळी ९ वाजून १२ मि. (स्टँ. टा.)'. शाळेत असताना मी आजीला विचारलं, स्टँ. टा. म्हणजे काय? तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी 'भात म्हणजे काय' विचारलं असावं. मुंबईचं वेगळं घड्याळ होतं. १९०६ पासून देशाला स्टँडर्ड टाइम आला, तरी शहराचा स्वतःचा मुंबई टाइम त्याच्या ३९ मिनिटं मागे चालत राहिला तो थेट १९५५ पर्यंत. एकाच शहरात दोन वेळा, आणि लोक आमंत्रण वाचताना कंसात बघून ठरवायचे. कादंबरीकाराने ही पत्रिका बघून '९ वाजून १२' लिहिलं असतं आणि पुढे गेला असता. तो कंस ज्याला खटकतो तो बाहेरचा माणूस.

आजीचे ठाकूरद्वारचे मामा मुंबई टाइमवाले. कंस त्यांनी वाचलाच नाही. नऊ वाजून पाच मिनिटांनी, चांगले सात मिनिटं हातात ठेवून, ते हॉलच्या पायऱ्या चढले तेव्हा लग्न लागून बत्तीस मिनिटं झाली होती आणि पहिली पंगत बसत होती. मुठीत अक्षता तशाच. मला कुठे सोडायचं असेल तर त्या पायऱ्यांवर सोडा, मामांचा चेहरा बघायला.