संगणक-शंका: दोन लाखांचं कोटेशन आणि झिणझिण्या देणारं कॅबिनेट

सुट्ट्या लागल्या की घरोघरी नव्या कॉम्प्युटरची बोलणी सुरू होतात. या खेपेची पत्रंही तीच आहेत. गेम आणि अभ्यास, दोन्ही एकाच मशीनवर हवेत.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे, विषयांत कॉम्प्युटर सायन्स. इंदूरच्या आर. एन. टी. मार्गावरच्या एका दुकानातून कोटेशन आणलं : कोअर आय९-१४९००के प्रोसेसर, आरटीएक्स ५०६० ग्राफिक कार्ड (८ जीबी), १६ जीबी रॅमची एक स्टिक, १ टीबी एसएसडी, ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर, ७५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा (कंपनीचं नाव नाही), काचेचं कॅबिनेट आणि सहा रंगीत पंखे. मॉनिटर 'नंतर बघू' म्हणाले. सगळं दोन लाखांत बसवायचं आहे. घ्यावं का?
— एक पालक, लोकमान्य नगर

उत्तर : या यादीवर घेऊ नका. पैसा जिथे दिसतो तिथे घातला आहे आणि जिथे लागतो तिथे वाचवला आहे. नवऱ्या मुलीला दागिने घ्यावेत आणि चपला राहून जाव्यात, तसं झालंय.

यादी उलटीकडून वाचायला घ्या. ज्याला 'नंतर बघू' म्हटलं तो मॉनिटर आधी ठरवायचा, कारण ग्राफिक कार्ड किती ताकदीचं लागणार हे स्क्रीन ठरवते. १९२०×१०८० च्या स्क्रीनवर कार्डाला दर वेळी सुमारे २१ लाख ठिपके रंगवावे लागतात, २५६०×१४४० वर ३७ लाख आणि फोर-केवर ८३ लाख. तुमच्या बजेटला मधली स्क्रीन शोभते : २७ इंच, २५६०×१४४०, आयपीएस पॅनेल, १४४ हर्ट्झ (सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारी) किंवा वर. अभ्यासालाही हीच बरी. एका बाजूला पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅम उघडला तरी अक्षरं बारीक होत नाहीत. स्टँड वर-खाली होणारा घ्या. तीन-चार तास बसणाऱ्या मुलाची मान त्यावर अवलंबून असते.

स्क्रीन ठरली की कार्ड. १४४० वर नवे गेम खेळायचे तर ८ जीबी आता अपुरी पडते. गेममधल्या भिंती, चेहरे, कपडे यांची चित्रं कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावली नाहीत की ती मुख्य रॅममध्ये सांडतात आणि तिथून ये-जा करताना गेम अडखळतो. सरासरी फ्रेम्सचा (सेकंदाला किती चित्रं, याचा) आकडा चांगला दिसत असतानाही वळणावर चित्र क्षणभर थिजतं, ते यामुळे. १६ जीबीची दोन कार्डं पाहा : आरटीएक्स ५०७० टीआय आणि आरएक्स ९०७० एक्सटी. नुसते गेम असतील तर ज्याचा भाव त्या दिवशी कमी ते घ्या. मुलगा ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) शिकणार असेल किंवा मशीन लर्निंगकडे वळणार असेल तर एनव्हिडियाचं घ्या. त्या क्षेत्रातली बरीच सॉफ्टवेअर कूडा, म्हणजे कार्डावर आकडेमोड करण्याची एनव्हिडियाची स्वतःची प्रणाली, धरून लिहिलेली असतात. दोन लाखांतला साधारण चाळीस टक्के वाटा कार्डाला गेला तर वावगं नाही.

आता आय९. बारावीपर्यंतच्या सीबीएसईच्या अभ्यासक्रमात पायथन आणि मायएसक्यूएल आहे. ते दहा वर्षांपूर्वीच्या मशीनवरही धावतं. गेमना २४ कोअर लागत नाहीत, आठ पुष्कळ झाले. शिवाय हा प्रोसेसर पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत वीज घेतो, म्हणून तो लिक्विड कूलर यादीत आला. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरचे प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे झिजून अस्थिर होत होते. कंपनीने २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दुरुस्त केला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. दुरुस्तीनंतरचा बायोस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर) टाकला तर प्रोसेसर वाईट नाही, पण तुमच्या कामाला तो नको.

त्याऐवजी रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी. आठ कोअर आणि ९६ एमबी एल-थ्री कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी. गेमला सतत लागणारा मजकूर या कॅशमध्येच सापडतो, रॅमपर्यंत हेलपाटा पडत नाही. सहा हीट पाइपचा साधा टॉवर कूलर त्याला पुरतो. एएम५ सॉकेट असल्याने पुढे प्रोसेसर बदलताना मदरबोर्ड तसाच ठेवता येईल. बजेट ताणलं तर पहिली कात्री इथे लावा आणि रायझन ५ ७६०० घ्या. १४४० वर फरक कमीच जाणवतो, कारण तिथे बहुतेक भार कार्डावर असतो. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर मात्र नको. त्यात चित्र दाखवणारा भाग नसतो. कार्ड वॉरंटीत पाठवलं तर ते परत येईपर्यंत घरी काळी स्क्रीन. ७६०० किंवा ७८००एक्सथ्रीडी असेल तर केबल मदरबोर्डला लावून प्रॅक्टिकलची फाइल तरी पुरी होते.

मदरबोर्ड बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा, मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला. रायझनच्या ९००० मालिकेचा प्रोसेसर घेऊन जुन्या साठ्यातला बी६५० बोर्ड गळ्यात पडला, तर बायोस जुना म्हणून मशीन सुरूच होत नाही. मग हे बटण आणि एक पेनड्राइव्ह कामाला येतात. एसएसडी चौथ्या पिढीची (पीसीआय-ई ४), टीएलसी प्रकारची. पाचव्या पिढीची जास्त तापते आणि गेममध्ये फरक हाताला लागत नाही. मोठे गेम १०० जीबीच्या पुढे जातात, म्हणून जमल्यास २ टीबी.

बिल जीएसटीचं घ्या आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या. 'असेंबल्ड कॉम्प्युटर, एक नग' अशा बिलावर पुढे वॉरंटी मागताना घाम फुटतो.

प्रश्न : रॅम फार महागली आहे. आत्ता १६ जीबीची एक स्टिक आणि वर्षाने दुसरी, असं चालेल का? की चारही खाचा भराव्यात?
— अकरावीतली वाचक, स्नेहलतागंज

उत्तर : २०२५ च्या अखेरीपासून भाव चढले हे खरं. तरी एकाच खोक्यात येणारी १६-१६ ची जोडी घ्या : डीडीआर५, वेग ६०००, सीएल३० (रॅमला उत्तर द्यायला लागणारा उशीर; आकडा कमी तितका बरा). एकच स्टिक लावली की प्रोसेसरची रॅमकडे जाणारी एक वाट बंद राहते आणि गेममध्ये ते चांगलंच जाणवतं. वर्षाने आणलेली दुसरी स्टिक त्याच नावाची असली तरी आतली चिप वेगळी निघू शकते, आणि मग दोघींचं जमत नाही. अगदीच नड असेल तर ८-८ ची जोडी घ्या, पण पुढे ती विकून ३२ ची घ्यावी लागेल हे धरून चला.

चारही खाचा भरू नका. एएम५ वर चार स्टिक लावल्या की अधिकृत वेग ३६०० पर्यंत उतरतो. त्याहून वर चालल्या तर नशीब. दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा, पहिल्या-दुसऱ्या नाही. मग बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा. ते राहून गेलं तर ६००० चे पैसे देऊन रॅम ४८०० किंवा ५६०० वर चालत राहते आणि कोणाला कळतही नाही.

आणखी एक. नव्या जोडणीनंतर पहिल्यांदा बटण दाबलं की पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते. बोर्ड रॅमची पारख करत असतो, त्याला काही मिनिटं लागतात. या काळात घाबरून स्विच बंद-चालू करू नका, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चहा टाका. पंधरा मिनिटांनीही काही दिसलं नाही तर एक स्टिक काढून पाहा.

प्रश्न : नवा कॉम्प्युटर जोडून महिना झाला. (१) गेम सुरू झाला की ६०० व्हीएचा यूपीएस ओरडतो आणि सगळं बंद पडतं. इंटरनेट चालवताना काही होत नाही. (२) अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणतात, 'इतना तो चलता है.'
— एक वाचक, सुदामा नगर

उत्तर : दुसरा मुद्दा आधी. इतकं चालत नाही.

एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. त्यांतून झिरपणारा बारीक प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी रचना आहे. अर्थिंग नसेल तर पत्रा दोन्हींच्या मधोमध, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह फार थोडा असल्याने फक्त झिणझिण्या येतात. पण उद्या एसएमपीएस आतून बिघडला तर तोच पत्रा जिवावर बेतू शकतो. याच अवस्थेत टीव्हीची एचडीएमआय केबल लावली तर पोर्ट जळण्याचीही भीती असते.

आधी पाहा की तीन पिनी प्लग दोन पिनी अडॅप्टरमध्ये तर घातलेला नाही. जुन्या घरांत हे हमखास सापडतं. नसेल तर वायरमनला मल्टीमीटर घेऊन बोलवा आणि त्याच सॉकेटवर तीन मापं घ्यायला लावा : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी, २३० च्या आसपास यायला हवीत. तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ खूपच कमी दाखवत असेल तर सॉकेटला तिसरं भोक आहे, पण त्यामागे तार नाही किंवा ती कुठेतरी तुटली आहे. काही जण न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून देतात. मीटरवर सगळं छान दिसतं, आणि न्यूट्रल तुटला की अख्खा पत्रा फेजवर येतो. सॉकेट उघडून तार डोळ्यांनी पाहा.

आता यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. अशा यूपीएसच्या मागच्या लेबलवर बहुधा ३६० वॅट लिहिलेलं असतं. गेम चालू असताना कार्ड ३०० वॅट घेत असेल, तर प्रोसेसरचे ऐंशीएक, बाकी भागांचे पन्नास-साठ, मॉनिटरचे चाळीस आणि एसएमपीएसची स्वतःची खोट धरून पाचशेच्या घरात जातं. इंटरनेटला शंभर-सव्वाशे पुरतात, म्हणून तेव्हा यूपीएस गप्प. निदान १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या, आणि प्युअर साइन वेव्हचा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो. चांगले एसएमपीएस ॲक्टिव्ह पीएफसीचे (वीज एकसारखी खेचणाऱ्या सर्किटचे) असतात, आणि काहींना ती लहर पचत नाही. दिवे जाताच यूपीएस चालू आणि कॉम्प्युटर बंद, असा प्रकार होतो. आणि यूपीएस आहे तो फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता. त्यावर डाव पुरा करायचा नसतो.

हाताशीच आहात तर एसएमपीएसचं लेबलही वाचा. ७५० वॅटच्या खऱ्या एसएमपीएसवर +१२ व्होल्टच्या रकान्यात ६२ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. तिथे ३६ लिहिलं असेल तर १२ गुणिले ३६, म्हणजे ४३२ वॅट. वरचे ७५० नुसतेच छापलेले. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही १२ व्होल्टवरच जगतात.

प्रश्न : ग्राफिक कार्डाला वीज देणारा सोळा पिनांचा कनेक्टर वितळतो म्हणतात. खरं का?
— एक वाचक, वैशाली नगर

उत्तर : वितळले आहेत, आणि अर्धवट खोचलेला प्लग हे त्यातलं एक मोठं कारण. मग प्रवाह थोड्याच पिनांतून जातो आणि त्या तापतात. खोचल्यावर मोबाइलचा टॉर्च मारून पाहा, कडेला फट राहता कामा नये. केबल कनेक्टरच्या तोंडापासून साडेतीन सेंटिमीटर सरळ जाऊ द्या, मगच वळवा. कॅबिनेटची काच तिला दाबत असेल तर कॅबिनेट अरुंद आहे. एटीएक्स ३.१ चा एसएमपीएस घेतला की सोळा पिनांची केबल बहुधा त्यातच येते आणि अडॅप्टरचं लटांबर टळतं.

प्रश्न : मे महिन्यात खोलीत खसचा कूलर लावतो. कॉम्प्युटर त्याच्यासमोर ठेवला तर थंड राहील ना?
— बारावीतला वाचक, इंदूर

उत्तर : समोर ठेवू नका. त्या वाऱ्यात ओल असते आणि कधी तुषारही. बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग तुमच्या कूलरच्या जाळीवर दिसत असतील, तेच आत बसतील. कूलरची हवा खोलीत फिरू द्या, खिडकी थोडी उघडी ठेवा आणि मशीन आडबाजूला ठेवा.

हिशेब सरळ आहे. खोली १५ अंशांनी तापली की आतले भागही साधारण तेवढेच वर चढतात. हिवाळ्यात ६५ वर राहणारं कार्ड इथल्या ४० अंशांच्या दुपारी ८० ओलांडतं आणि स्वतःला आवरायला लागतं. कॅबिनेट पुढून जाळीचं हवं, काचेचं नको : पुढून दोन-तीन पंखे हवा आत ओढणारे, मागून एक बाहेर टाकणारा. पुढच्या जाळीला धुळीची गाळणी हवीच. मग कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने घ्यायच्या विजेची मर्यादा) ८५ टक्क्यांवर आणा. फ्रेम्स थोड्याच कमी होतात, उष्णता आणि आवाज बरेच उतरतात. फ्रेम्सनाही मॉनिटरच्या हर्ट्झइतकी मर्यादा घाला. माळव्यातली रात्र अजून बरी असते. जड गेम दहानंतर खेळलात तर मशीनला सोपं जाईल, आईबाबांचं तुम्ही बघा.

दिवाळीच्या साफसफाईत आणि होळीनंतर ब्लोअर मारा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून. वाऱ्याने मोकळं गरगरलं की बेअरिंग जातं.

प्रश्न : १६५ हर्ट्झचा मॉनिटर आणि महागडं कार्ड घेतलं, तरी फरक दिसत नाही. गेम रडतखडत चालतो.
— एक वाचक, रामचंद्र नगर

उत्तर : केबल कुठे खोचली आहे ते पाहा. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी असेल तर ती मदरबोर्डला लागली आहे आणि कार्ड रिकामं बसलं आहे. खाली आडव्या पट्टीत कार्डाचे पोर्ट असतात, तिथे मॉनिटरसोबत आलेली डिस्प्लेपोर्टची केबल लावा. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. रिफ्रेश रेट बहुधा ६० वरच असेल, तो १६५ करा.