परड्यातले प्रश्न: हिरवंगार झाड दुपारी मान का टाकतं?

प्रश्न (खानापूर): टोमॅटोची झाडं छान वाढली, फुलंही लागली. पाऊस लागून राहिला आणि एका दुपारी झाड हिरवंच्या हिरवं कोमेजलं. पाणी घातलं तरी उठलं नाही. आता शेजारची दोनही तशीच झाली आहेत.

उत्तर: आधी पाणी थांबवा. हा बहुतेक जिवाणूजन्य मर रोग असावा. खात्री घरीच करता येते. कोमेजलेल्या झाडाचा बुडाकडचा वीतभर तुकडा धारदार सुरीने कापा आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा धरून ठेवा. हात हलवू नका. काही मिनिटांत कापातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले, तर तोच रोग. धागे आले नाहीत, पण खोड आतून तपकिरी आहे आणि खालची पानं आधी पिवळी पडली होती, तर ती बुरशीची मर. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे डोळ्याला न दिसणारे जंत.

हा जिवाणू मातीत राहतो, मुळाच्या जखमेतून आत शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या चोंदवतो. म्हणून ओल्या मातीत उभं झाडही तहानेने मरतं, आणि वाहतं पाणी रोग पुढच्या झाडाकडे नेतं. पाणी साचलेली आम्लधर्मी तांबडी माती त्याला मानवते. त्यावर भरवशाचं औषध नाही. झाड मुळांसकट, भोवतीच्या मातीसह उपटून जाळा. खताच्या खड्ड्यात टाकलंत तर पुढच्या वर्षी खताबरोबर परत येईल.

त्या वाफ्यात किमान तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी काहीच नको. ही सगळी एकाच घरातली. मका, घेवडा, कोबी चालेल. पाणी साचवून भात घेतलेल्या तुकड्यात हा जिवाणू कमी होतो, तेव्हा खानापूरकरांनी भातानंतर हिवाळी टोमॅटो करून पाहावा. गादीवाफा 20 ते 25 सेंटिमीटर उंच हवा. खुरपं बुडाशी घालू नका. माती तपासून ती आम्ल निघाली, तरच लागवडीआधी तीन आठवडे चौरस मीटरला सुमारे 200 ग्रॅम विरलेला चुना मिसळा. चुना आणि शेणखत एकाच दिवशी टाकू नका, नत्र उडून जातं. अथणीकडच्या काळ्या जमिनीत चुना नकोच. माती तपासण्याची चौकशी रयत संपर्क केंद्रात किंवा मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात करा. जवारी टोमॅटोचा हट्ट थोडा सोडायची तयारी असेल, तर बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकर या मरीला बराच टिकतो.

प्रश्न (निपाणी): मिरचीचा चुरडामुरडा झालाय. तंबाखूचा काढा फवारू का? इथे तंबाखूला तोटा नाही.

उत्तर: नको. निकोटीन माणसाला आणि मधमाशीलाही विषारी आहे. शिवाय तंबाखू मिरचीचीच भावकी. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकतो आणि मिरची-टोमॅटोवर जातो. तंबाखू हाताळली असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय रोपांना हात लावू नये.

आधी पान बघा. कडा वर वळून पानाची वाटी झाली तर फुलकिडे; खाली वळून पान लांबट, उलट्या होडीसारखं झालं तर कोळी ही बारीक कीड. फुलकिड्यांसाठी निंबोळ्यांच्या बियांतला 50 ग्रॅम मगज कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, फडक्याने गाळा, एक लिटर करा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी पानाच्या खालून फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम. कडक उन्हात मारलं तर पानं भाजतात. गंधक फवारल्यावर पाकिटावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत मिरची तोडू नका. नवी पानं सरळ येताहेत का, एवढंच बघायचं. वळलेलं पान सरळ होत नाही.

प्रश्न (अथणी): दोडक्याला बोटभर फळ धरतं, पिवळं पडून गळतं.

उत्तर: गळलेलं फळ चिरून बघा. आत अळ्या असतील तर फळमाशी. अशी फळं रोज गोळा करून खोल पुरा. आत काही नसेल तर परागीकरण झालेलं नाही. दोडक्याचं फूल सकाळी नव्हे, उतरत्या उन्हात, संध्याकाळी उमलतं, आणि तोवर मधमाश्या घरी गेलेल्या असतात. नर फुलं घोसाने येतात. मादी फूल एकटं, देठाशी इवलासा दोडका घेऊन. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि पिवळे परागकोष मादी फुलाच्या मध्यावर हलके फिरवा. एका नराला दोन माद्या पुरतात. नुसती नर फुलंच येत असतील तर युरिया आवरा. काकडी, कारलं, लाल भोपळ्याला हेच सकाळी करायचं.

प्रश्न (अनगोळ, बेळगाव): गच्चीवर कुंडीत कोथिंबीर उगवतच नाही. उगवली तर लगेच तुऱ्यावर जाते.

उत्तर: धण्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. लाटणं हलकं फिरवून दाणे दुभंगा, पीठ करू नका. दहा-बारा तास भिजवा, पाणी निथळा, सेंटिमीटरभर खोल पेरा. कोंब दिसायला आठ ते पंधरा दिवस लागतात. तेवढे दिवस वरची माती एकदाही सुकता कामा नये, इथेच बहुतेकांचं चुकतं. वाण्याकडचे धणे जुने असतील तर उगवणार नाहीत. मार्चनंतर ऊन वाढलं की कोथिंबीर तुऱ्यावर जाणारच. दुपारची सावली आणि दर पंधरा दिवसांनी एक छोटी कुंडी पेरणं, एवढंच हाती आहे.

प्रश्न (बेळगाव): बाजारातला पुदिना लावला तर येईल?

उत्तर: येतो. खालची पानं काढून काड्या पाण्यात ठेवा, आठवड्यात मुळं फुटतात. कुंडीतच लावा, वाफ्यात सोडलात तर शेजारच्याची जागा खातो.