दोन सैनिकांचे रोमन नाणे ओळखताना

आपण ज्याची ओळख विचारली आहे, त्या रोमन नाण्याच्या मागील बाजूस दोन सैनिक समोरासमोर उभे असून त्यांच्या मधोमध दोन ध्वजदंड दिसतात, त्यावरून ते सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातील, साधारण इ. स. ३३० ते ३३५ दरम्यान पाडलेले, ‘सैन्याचा गौरव’ या प्रकारचे असावे. ध्वजदंड एकच असता, तर ते त्यानंतरचे आणि वजनाने हलके ठरले असते. म्हणून सोनाराच्या काट्यावर ते आधी तोलून घ्यावे.

सैनिकांच्या पायांखालच्या आडव्या रेघेखाली टांकसाळीची अक्षरे असतात. ती भिंगातून, उजेड एका बाजूने तिरपा पाडून वाचावीत. इथेच नवखे फसतात: ‘कॉन्स्ट’ (CONST) वाचताच कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, आठवते, परंतु अक्षरे ‘टी’पर्यंत असून आधी ‘पी’ किंवा ‘एस’ असेल, तर ती आजच्या फ्रान्समधील आर्ल येथील टांकसाळ होय. चेहऱ्यावरून सम्राट ठरवू नये, कारण कॉन्स्टंटाइनच्या मुलांच्या नावेही हीच नाणी निघाली. पुढील बाजूच्या चेहऱ्याभोवतीचा लेखच प्रमाण मानावा.

किमतीबाबत फार मोठी अपेक्षा ठेवू नये. ही नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली आणि आजही विपुल मिळतात. झिजलेल्या नाण्यास अल्पच मोल येते, मात्र टांकसाळीची अक्षरे पूर्ण उमटलेली असतील आणि पृष्ठभाग शाबूत असेल, तर भाव वाढतो. म्हणूनच कळकळीने सांगतो, चिंच-मीठ लावून ते मुळीच घासू नये. शतकांचा तो गडद थर एकदा गेला की परत येत नाही. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर मात्र ते इतर नाण्यांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवावे.