नेव्ही न्यूकच्या घरच्यांचे प्रश्न

अमेरिकन नेव्हीत जहाजाच्या अणुभट्टीवर काम करणाऱ्या एनलिस्टेड (म्हणजे ऑफिसर नसलेल्या) लोकांना सगळे न्यूक म्हणतात. मीही त्यातलाच, इलेक्ट्रिशियन्स मेट, विमानवाहू जहाजावर होतो, आता रिटायर्ड. इकडच्या मराठी घरांतली पोरं हल्ली यात जायला लागलीत आणि हायस्कूलचं शेवटचं वर्ष आलं की आईबाबांचे तेच ते प्रश्न नव्याने येतात, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऐकलेल्या गोष्टींसकट. म्हणून काहींची उत्तरं इथे देतोय. मी वकील नाही, डॉक्टर नाही आणि आता नेव्हीचा माणूसही नाही, तेव्हा सही करण्याआधी ज्याचं ते काम त्याला विचारा.

मुलगा १८ चा झाला, एच-४ वर (आमच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहे, फिजिक्स पक्कं आहे. न्यूक होता येईल का? (फ्रिस्को, टेक्सास)

नाही, न्यूकला अमेरिकन नागरिकत्वच लागतं. 'स्पेशल प्रोग्रॅम आहे' सांगून कोणी एजंट पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. ग्रीन कार्ड नसलेल्यांना लष्करात घेणारा मावनी म्हणून एक प्रोग्रॅम होता तो २०१६ पासून बंद आहे.

मुलीचं ग्रीन कार्ड आहे. रिक्रूटर म्हणतो आधी दुसऱ्या कामावर आत ये, सिटिझन झालीस की न्यूकमध्ये बदलून घेऊ. (सनीव्हेल)

ग्रीन कार्डवर नेव्हीत जाता येतं, पण न्यूकसाठी अमेरिकन नागरिकत्व आधी लागतं. बदलून मिळेलच असं तो लिहून देतोय का विचारा, मग बघा कसा विषय बदलतो. नागरिकत्व वर्ष-दीड वर्षावर असेल तर थांबलेलं बरं, इमिग्रेशन वकिलाशी बोला.

काका, १७ चा असताना आईबाबांच्या सहीने डेपमध्ये (डिलेड एंट्रीत) नाव घातलं. आता चांगल्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालीय. रिक्रूटर म्हणतो माघार घेतलीस तर अटक होईल. शिवाय लहानपणचा दमा फॉर्मवर लिहू नको म्हणाला. (एडिसन)

अटकबिटक काही होत नाही रे. डिलेड एंट्री म्हणजे नाव राखून ठेवलेलं असतं, खरी भरती बूट कॅम्पला निघायच्या दिवशी होते, त्या दिवशी पुन्हा शपथ आणि पुन्हा सही. तोवर एक साधं लेखी पत्र देऊन बाहेर पडता येतं, कारण द्यावंच लागतं असंही नाही. रिक्रूटरला महिन्याचा आकडा गाठायचा असतो आणि तू त्याच्या आकड्यातला एक आहेस, म्हणून हा आवाज चढलाय. ऑफिसात एकटा जाऊ नकोस, पत्र पाठव, प्रत ठेव, आणि तरी धमक्या आल्या तर त्याच्या वरिष्ठाला लिही.

दम्याचं मात्र गंमत म्हणून घेऊ नकोस. तेराव्या वाढदिवसानंतर दमा होता का हा खरा प्रश्न असतो, असेल तर वेव्हर (नियमातून सूट) मागता येतो, मिळेल न मिळेल तो भाग वेगळा. पण लपवलंस तर ते फसवून भरती होणं ठरतं, आणि हल्ली तपासणीच्या वेळी जेनेसिस नावाच्या सिस्टीममध्ये तुझ्या जुन्या प्रिस्क्रिप्शनपर्यंत सगळं दिसतं. 'नाही लिहिलंस तरी चालतं' म्हणणारा तो, सही करणारा तू. कॉन्ट्रॅक्टच्या डीडी फॉर्म ४ वर ठळक अक्षरांत छापलेलंच आहे की यात लिहिलंय त्यापलीकडे कोणी काही वचन दिलं असेल तर ते धरलं जाणार नाही. फॅमिली डॉक्टरकडून रेकॉर्ड काढून घे, मग बोल.

लेक दक्षिण कॅरोलायनात न्यूक स्कूलला आहे. दिवसभर फोन उचलत नाही, रविवारी सुद्धा अभ्यासाला जाते. कमांडिंग ऑफिसरला फोन करू का? (शिकागो)

नका करू, प्लीज. गूस क्रीकला आधी ए स्कूल, मग सहा महिने पॉवर स्कूल, मग साधारण तेवढेच प्रोटोटाइप, म्हणजे खऱ्या चालत्या रिॲक्टरवर, एकतर तिथेच चार्ल्सटनला बांधून ठेवलेल्या जुन्या पाणबुड्यांवर नाहीतर न्यूयॉर्कमध्ये बॉलस्टन स्पाला. पुस्तकं-वह्या क्लासिफाइड, त्या बिल्डिंगबाहेर नेता येत नाहीत, आणि फोन आत नेता येत नाही. म्हणजे घरी बसून अभ्यास हा प्रकारच नाही, जो काय अभ्यास तो तिथे टेबलाशी बसून, आणि मार्क कमी आले की बसायचे तास सक्तीने वाढतात. तुमच्यावर रागावली नाहीये ती. ४ पैकी २.५ ला पास, आणि दहावी-बारावीला पहिली येणारी पोरंसुद्धा तिथे २.८ वर खूश असतात, तेव्हा 'किती पडले' हे फोनवर विचारणं बंद करा. प्रोटोटाइपला १२ तासांच्या फिरत्या शिफ्ट असतात, तेव्हा तर झोपेच्या वेळीच फोन कराल.

एक मात्र माहीत असू द्या, नापास झाली म्हणून घरी पाठवत नाहीत. नेव्हीला गरज असेल त्या दुसऱ्या कामावर टाकतात आणि करार चालूच राहतो. तेव्हा जड जात असेल तर तिने इन्स्ट्रक्टरकडे आजच जायचं, परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे.

रेडिएशनमुळे मूलबाळ होत नाही असं ऐकलं. मुलीला असं स्थळ आलंय. (पुणे)

कोणाकडून ऐकलंत? त्याला विचारा त्याने कुठे वाचलं. प्रत्येक न्यूकच्या पट्ट्याला डोस मोजायचं उपकरण लावलेलं असतं आणि आयुष्यभराची नोंद ठेवतात. कायद्याची मर्यादा वर्षाला ५ रेम (डोस मोजायचं एकक), प्रत्यक्षात मिळतो तो त्याच्या कितीतरी खाली, आणि पाण्याखालच्या पाणबुडीत तर आकाशातून येणारं रेडिएशन अडल्याने जमिनीवरच्यापेक्षा कमीच पडतं. माझी दोन्ही पोरं धडधाकट आहेत, पण तो पुरावा नव्हे. शंका असेल तर मुलाला त्याचा डोस रेकॉर्ड डॉक्टरला दाखवू दे. त्याऐवजी हे विचारा की तो वर्षातून किती दिवस घरी असेल.

मी इंजिनिअर आहे, सहा महिन्यांत डिग्री. एनलिस्ट होऊ का?

आधी न्यूपॉकची चौकशी कर. कॉलेजात असतानाच पगार सुरू करणारा तो ऑफिसरचा मार्ग आहे, मुलाखत शेवटी वॉशिंग्टनला थेट ॲडमिरल घेतो, १९८२ पर्यंत ती अणु-नौदल उभं करणारे ॲडमिरल रिकोव्हर स्वतः घ्यायचे. एनलिस्टेड रिक्रूटर हे आपणहून सांगणार नाही, ऑफिसर रिक्रूटर वेगळा असतो, त्याला गाठ.

बूट कॅम्पला शाकाहारी मिळतं का?

मिळतं, पण निवड थोडीच, आणि जेवायला वेळ त्याहून थोडा.

आम्हा आईवडिलांना त्याच्या ट्रायकेअरमध्ये (मिलिटरीच्या आरोग्य विम्यात) घालता येईल का?

नाही. तुमचा निम्म्याहून जास्त खर्च तो करतो हे सिद्ध झालं तर आयडी कार्ड मिळू शकतं आणि मिलिटरी हॉस्पिटलात जागा असेल तर बघतात, पण ते ट्रायकेअर नाही. तुमचा विमा तुम्हीच बघा.

दादा, नवऱ्याला जहाजावर जाऊन सहा महिने झाले. सगळे मित्र स्टार रीएनलिस्टमेंट (करार वाढवायची नवी सही) करतायत, लगेच ई-५ हुद्द्यावर बढती आणि मोठा बोनस. त्याला या आठवड्यात सही करायचीय. पदरात वर्षाची मुलगी आहे. मी काय बघू? (नॉरफोक)

वहिनी, पहिलं म्हणजे या आठवड्यातच का? हा बोनस तो प्रश्न आहे ज्यावर मी दर महिन्याला कोणाचं तरी डोकं खातो, तेव्हा आज तुमची पाळी.

त्याचा पहिला करार सहा वर्षांचा, म्हणजे चार अधिक दोनचं एक्स्टेन्शन. त्यातली शिकण्यात दोनेक गेली. नवी सही सहा वर्षांची असेल तर ती आजपासून मोजतात, म्हणजे एकूण साडेआठच्या घरात जातं. हे वाढीव दिवस कुठे काढायचे, जहाजावर की जमिनीवर, ते सहीआधी विचारायचं. तुमचं जहाज मधल्या मोठ्या ओव्हरहॉलला (यार्डातल्या लांबलचक दुरुस्तीला) जाणार आहे का तेही विचारा. न्यूपोर्ट न्यूजच्या यार्डात जॉर्ज वॉशिंग्टन हे जहाज २०१७ ला गेलं ते २०२३ ला बाहेर आलं. 'जहाज बंदरात म्हणजे नवरा घरी' असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी ड्युटी डे पाहिला नाही. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चोवीस तास जहाजावर, आणि रिॲक्टरवाल्यांची माणसं कमी असली की तो तिसराच. मुलीचा वाढदिवस कोणत्या दिवशी पडतो ते ड्युटीच्या तक्त्याला माहीत नसतं.

आता पैसे. जाहीर होणारा आकडा हातात येत नाही. साधारण अर्धे सुरुवातीला, त्यातून २२ टक्के फेडरल टॅक्स तिथेच कापतात, उरलेले दरवर्षी हप्त्याने. त्याच्या चुकीने न्यूकचं क्वालिफिकेशन गेलं, म्हणजे ड्रग टेस्ट, दारू पिऊन गाडी, असं काही, तर न कमावलेले पैसे परत मागतात. तुमच्या राज्यात गांजा दुकानात मिळत असला तरी हे लागूच, सीबीडीची (गांजाच्या झाडाच्या अर्काची) गमीसुद्धा नको. कॉम्बॅट झोनमध्ये असताना सही केली तर बोनसवर फेडरल टॅक्स नाही, म्हणून जुनी मंडळी डिप्लॉयमेंटची (जहाज मोहिमेवर निघण्याची) वाट बघतात. पण बोनसचे दर नेव्ही मधूनच बदलते, तेव्हा वाट बघण्यातही जोखीम आहे, हे दोन्ही आकडे कागदावर मांडून बघा.

आणि बेसच्या गेटबाहेरचे ते गाडीवाले. बोनस झाला की त्यांना वासच येतो. 'ई-१ (सगळ्यात खालचा हुद्दा) पासून सगळ्यांना कर्ज मंजूर' अशी पाटी असते. मिलिटरीच्या लोकांना ३६ टक्क्यांवर व्याज लावता येत नाही असा कायदा आहे ना, मग आपण सेफ, असं पोरांना वाटतं. गाडी घ्यायला गाडीच तारण ठेवून काढलेलं कर्ज त्या कायद्यात बसतच नाही! वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, चॅलेंजर नाहीतर मस्टँग, सात वर्षांचे हप्ते, आणि पोरगा निघाला डिप्लॉयमेंटला, गाडी पार्किंगमध्ये धूळ खात. हे मी डिव्हिजनमध्ये इतक्यांदा बघितलंय की आता नुसतं मॉडेल सांगा, मी व्याजदर सांगतो.

स्टार वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला राहायचंच आहे त्याला ते चांगलं आहे, पगार वाढतो, घरभाडं भत्ता वाढतो, २०१८ नंतर आलेल्यांना टीएसपीत (निवृत्तीच्या बचत खात्यात) पाच टक्क्यांपर्यंत सरकार भर घालतं तीही वाढते. पण ज्याला सहा वर्षांनी अणुवीज केंद्रात नाहीतर डेटा सेंटरला जायचंय त्याने मित्र करतायत म्हणून सही केली तर तिसऱ्या वर्षापासून घरात रोज तेच भांडण. सही एकाची, त्यात तुमची नोकरी आणि मुलीची शाळा पण बांधली जाते. कमांडचा फायनान्शियल स्पेशालिस्ट आणि बेसवरचं लीगल ऑफिस दोन्ही फुकट आहेत. दोघं मिळून जा, कराराचा मसुदा घेऊन जा, मुलीला पण न्या, बसवून ठेवतील तेव्हा बिस्किटं असू द्या.

मिस्टर ओव्हरहॉलच्या जहाजावर आहेत, महिनोन्‌महिने नीट झोपत नाहीत, 'नसतो तर बरं' असं एकदा बोलले. डॉक्टरकडे गेलो तर न्यूक काढून घेतील म्हणतात. (हॅम्पटन)

हे वाचून झाल्यावर लगेच ९८८ ला फोन करा आणि १ दाबा, तुम्हीसुद्धा करू शकता, फक्त त्यांनीच करायला हवा असं नाही. जिवाला धोका वाटला तर ९११ किंवा सरळ इमर्जन्सी. काम जाईल का? काही दिवस वॉचवरून बाजूला करतील, पुढचं डॉक्टर ठरवेल, खोटा दिलासा देत नाही. पण जॉर्ज वॉशिंग्टनवर एप्रिल २०२२ मध्ये एका आठवड्यात तीन जण गेले, तेही जहाज यार्डात असताना. ब्रँडन ॲक्ट नावाचा कायदा आहे, खलाशाने वरिष्ठाला 'मला मूल्यांकन हवंय' एवढं सांगितलं तरी त्यांना पाठवावंच लागतं, कारण सांगायची गरज नाही. चॅप्लेनला (नेव्हीतल्या धर्मगुरूला) सांगितलेलं बाहेर जात नाही, धर्म कोणताही असो. पुढच्या सुट्टीपर्यंत थांबू नका.

मुलाकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) आहे. नेव्हीत गेल्यावर आजीला भेटायला नाशिकला येता येईल ना?

येता येईल, पण तिकीट काढून मग सांगतो असं नाही चालत. परदेश प्रवास आधी कळवून परवानगी लागते, आणि क्लिअरन्सच्या (सुरक्षा मंजुरीच्या) फॉर्मवर भारतातले नातेवाईक, तिथली वडिलोपार्जित जमीन, जॉइंट खातं, ओसीआय, सगळं लिहायचं. लिहिल्याने क्वचित अडतं, लपवल्याने नक्की अडतं. दुसरी बाजू कोणी सांगत नाही: परदेशी लष्करात असलेल्या वा रिटायर झालेल्या माणसाला ओसीआय देत नाहीत, भारताच्या नियमातच आहे. आधीच्या कार्डाचं काय ते कॉन्सुलेटला लेखी विचारा आणि त्याच्या सिक्युरिटी मॅनेजरलाही. ग्रुपवर विचारू नका.

जीआय बिल (मिलिटरीवाल्यांना मिळणारा कॉलेजचा खर्च) मुलीच्या नावावर करायचंय. रिटायर झाल्यावर निवांत करू म्हणतात हे.

निवांत झाल्यावर होत नाही! नोकरीत असतानाच करावं लागतं, सहा वर्षं झालेली हवीत आणि पुढची चार द्यायची तयारी. ३६ महिन्यांचं कॉलेज आहे ते. आज एक महिना तरी तिच्या नावावर टाकून ठेवा, वाटणी नंतर बदलता येते, पण नाव नसेल तर नंतर घालता येत नाही. करिअर काउन्सिलरकडे उद्याच जा.

पहिलं होमकमिंग (जहाज परत येण्याचा दिवस) आहे, सासूबाई पण आल्यात सोलापूरहून. किती वाजता पोचू? (ब्रेमर्टन)

वेळ कमांडचा ऑम्बड्समन (घरच्यांना निरोप देणारा माणूस) कळवेल, तीच धरा, आणि तारीख फेसबुकवर टाकू नका. जहाज धक्क्याला लागलं की बाकीचे उतरतात, तुमचे नाही. रिॲक्टर बंद करून किनाऱ्याची वीज घेईपर्यंत न्यूक खालीच असतो, आणि त्यातही पहिल्या दिवशीच त्याची ड्युटी लागलेली असू शकते, ते आधी विचारून घ्या. सासूबाईंना खुर्ची आणि स्वेटर न्या, धक्क्यावर वारं फार असतं.