वाचकांचे प्रश्न : पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांसाठीचे शब्द आले कुठून?

‘समलिंगी’, ‘गे’, ‘कोती’ या शब्दांच्या उगमाबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

‘समलिंगी’ हा आपला जुना शब्द की इंग्रजीवरून बेतलेला? आणि ‘होमोसेक्शुअल’मधला ‘होमो’ म्हणजे लॅटिनमधला ‘माणूस’च ना? (सांगली)

शब्द बेतलेलाच आहे, पण ज्यावरून बेतला तो मुळात इंग्रजी नाही. ‘होमोसेक्शुअल’ जन्मला जर्मन भाषेत, आणि तो घडवणारा कुणी डॉक्टर नव्हता. कार्ल मारिया केर्टबेनी हा १८२४ मध्ये व्हिएन्नात जन्मलेला, स्वतःला हंगेरियन म्हणवणारा लेखक आणि अनुवादक. ६ मे १८६८ च्या त्याच्या एका पत्रात ‘होमोसेक्शुअल’ आणि ‘हेटरोसेक्शुअल’ हे दोन्ही शब्द पहिल्यांदा सापडतात. म्हणजे ‘भिन्नलिंगी’साठीचा शब्दही त्याचाच. पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, त्याने नाव न छापता दोन पत्रकं काढली आणि तिथे ‘होमोसेक्शुअल’ प्रथम छापला गेला.

पत्रकांचं कारण होतं प्रशियाच्या दंडसंहितेतलं कलम १४३. पुरुषांमधल्या संबंधांना त्यात तुरुंगवास होता, आणि नव्या संहितेतही ते कलम ठेवायचं घाटत होतं. केर्टबेनीचं म्हणणं असं, की दोन सज्ञान माणसं आपखुशीने, खासगीत, तिसऱ्या कुणाचं नुकसान न करता जे करतात त्यात शासनाने पडू नये. अशा कायद्याने पोसले जातात ते फक्त खंडणीखोर. त्याच्याच सांगण्यानुसार, तरुणपणी त्याच्या एका मित्राने अशाच खंडणीपायी आत्महत्या केली होती. त्याची मागणी मान्य झाली नाही. ते कलम १७५ या क्रमांकाने १८७२ पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात लागू झालं आणि पूर्णपणे रद्द व्हायला १९९४ साल उजाडलं.

शब्द मात्र डॉक्टरांनी उचलला. क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाचा विकृतींवरचा ग्रंथ १८८६ मध्ये निघाला. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांतून आणि १८९२ च्या इंग्रजी भाषांतरातून तो जगभर गेला. हक्क मागण्यासाठी घडवलेला शब्द असा रोगाचं नाव होऊन बसला. आजही तो ऐकला की अनेकांना दवाखान्याची आठवण होते, त्याचं कारण हे.

आता ‘होमो’. इथला ‘होमो’ ग्रीक आहे, अर्थ ‘तोच, सारखा’. आपला ‘सम’ आणि हा ‘होमो’ एकाच मुळातून आलेले, त्यामुळे मराठी प्रतिशब्द अगदी नेमका बसला. लॅटिन ‘होमो’ समजल्यामुळे हा शब्द फक्त पुरुषांसाठीच आहे असा गैरसमज होतो. तो स्त्रियांनाही तितकाच लागू आहे. ‘सेक्शुअल’ हा भाग लॅटिन. ग्रीक आणि लॅटिनची अशी मोट बांधलेली हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाला अजिबात रुचली नव्हती.

त्याआधी युरोपात या पुरुषांनी स्वतःला काही नाव दिलं होतं का? (नाशिक)

हो. कार्ल हाइनरिख उलरिक्स या हॅनोव्हरच्या कायदेपंडिताने १८६४ मध्ये ‘उर्निंग’ हा शब्द छापला. केर्टबेनीचं वर सांगितलेलं पत्र त्यालाच लिहिलेलं होतं. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मध्ये प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटीची दोन रूपं सांगितली आहेत : एक युरेनसपासून आईविना जन्मलेली, दुसरी झ्यूस आणि डायोनी यांची मुलगी. पुरुषांवरचं प्रेम पहिलीच्या वाट्याचं, म्हणून ‘उर्निंग’. स्त्रियांवर प्रेम करणारे ‘डिओनिंग’. सुरुवातीची पत्रकं त्याने टोपणनावाने काढली. पण २९ ऑगस्ट १८६७ रोजी म्युनिकमध्ये जर्मन कायदेतज्ज्ञांच्या परिषदेत तो स्वतःच्या नावानिशी उभा राहिला आणि हे कायदे रद्द करा म्हणाला. आरडाओरडा करून त्याला खाली बसवण्यात आलं. त्या काळात एकट्याने असं उभं राहणं ही फार मोठी गोष्ट होती, आणि त्याचं नाव मराठीत इतकं कमी येतं याची खंत वाटते.

त्याच्या मांडणीतली एक बाजू मात्र पुढे अडचणीची ठरली. उर्निंग म्हणजे पुरुषदेहातला स्त्रीचा आत्मा, असं तो म्हणे. केर्टबेनीला हे पटत नव्हतं. कुणावर प्रेम जडतं आणि माणूस स्वतःला स्त्री मानतो की पुरुष, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मराठीत ‘बायल्या’ ही शिवी गे पुरुषांना सरसकट दिली जाते, तीत हेच दोन प्रश्न एकत्र कालवलेले असतात.

कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’ आहे. तोच ‘गे’साठीचा प्राचीन भारतीय शब्द म्हणायचा का? (पुणे)

सरळ बरोबरीचं चिन्ह मांडू नका. कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणाचा नववा अध्याय मुखसंभोगावर आहे. त्यात तृतीया प्रकृती दोन प्रकारची सांगितली आहे, स्त्रीरूपिणी आणि पुरुषरूपिणी. पहिली स्त्रीचा वेश आणि हावभाव घेते. दुसरी पुरुषासारखी राहते, इच्छा लपवते आणि अंग चेपण्याचा व्यवसाय करून पुरुषांच्या जवळ जाते. दुसरं वर्णन आजच्या काही गे पुरुषांना ओळखीचं वाटेल, पण पहिलं आजच्या तृतीयपंथी समाजाच्या अधिक जवळचं आहे. याच अध्यायाच्या शेवटाकडे, एकमेकांचं हित चिंतणारे आणि परस्परांवर दृढ विश्वास असलेले काही नागरक आपसांत असा संबंध ठेवतात, असं म्हटलं आहे. ही अगदी सामान्य शहरी पुरुषांची गोष्ट आहे, आणि त्यांना तिथे कुठलंच वेगळं नाव दिलेलं नाही. प्राचीन शब्द शोधणाऱ्यांकडून नेमका हाच श्लोक सुटतो.

कोश पाहिलात तर गोंधळ वाढतो. अमरकोशात तृतीया प्रकृती, षंढ, क्लीब, पंड हे सगळे ‘नपुंसक’ या अर्थाने एका ओळीत येतात. सुश्रुतसंहितेत आसेक्य, सौगंधिक, कुंभीक, ईर्ष्यक आणि षंढ असे भेद आहेत. त्यांत मूल होण्याची क्षमता, कामोत्तेजना आणि देहरचना यांचाच विचार आहे, प्रेम कुणावर हा मुद्दा नाही. म्हणून गे पुरुषासाठी ‘षंढ’ किंवा ‘नपुंसक’ लिहिणं अपमानकारक तर आहेच, शिवाय साफ चुकीचंही आहे.

‘गे’ म्हणजे ‘गुड अ‍ॅज यू’ची आद्याक्षरं, हे खरं का? (कोल्हापूर)

नाही. ती जुळवाजुळव नंतरची. शब्द जुन्या फ्रेंच ‘गाइ’वरून इंग्रजीत आला, अर्थ ‘आनंदी’. सतराव्या शतकापर्यंत त्याला ‘रंगेल’ अशी छटा आली, एकोणिसाव्यात ‘गे बाई’ म्हणजे वेश्या असा अर्थ चालत होता. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांनी तो आपसांतला शब्द केला. बाहेरच्यांना कळू नये ही सोय त्यात होती. जून १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमधल्या पोलीस धाडीला प्रतिकार झाला. त्यानंतर निघालेल्या संघटनेने आपल्या नावातच ‘गे’ घेतला आणि शब्द उघड्यावर आला.

कायद्यातले शब्द इतके किळसवाणे का? (नागपूर)

कारण ते पापाच्या यादीतून आले. ‘सॉडमी’ बायबलमधल्या सदोम नगरावरून. अकराव्या शतकात पीटर डेमियन या धर्मगुरूने तो पापाचं नाव म्हणून रूढ केला. खुद्द बायबलमध्ये यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात सदोमचं पाप म्हणून गर्व, सुखलोलुपता आणि गरिबांना हात न देणं सांगितलं आहे. ‘बगरी’ आला ‘बल्गेरियन’वरून : तिकडच्या एका पंथाला चर्चने पाखंडी ठरवलं, मग पाखंड्यांवर लैंगिक आरोप झाले, आणि देशाचं नाव गुन्ह्याचं नाव झालं. इंग्लंडचा त्यावरचा कायदा १५३३ चा. भारतीय दंडसंहितेत १८६० मध्ये कलम ३७७ आलं तेव्हा हे दोन्ही शब्द टाळून ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ असा शब्दप्रयोग केला गेला. मराठी बातम्यांतला ‘अनैसर्गिक संभोग’ त्याचाच अवतार. सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरवलं. तरी या संबंधांच्या बातमीत तो शब्द अजून डोकावतो. तो काढून टाकायला हवा.

पाप, गुन्हा, रोग यांतून न आलेला, प्रेमातूनच आलेला एखादा शब्द आहे का? (मडगाव)

चिनी भाषेत आहे. हान घराण्याचा सम्राट आय (इ.स.पू. ७ ते १) आणि त्याचा प्रिय दोंग शियान एकदा दुपारी झोपले होते. सम्राटाला उठायचं होतं, पण त्याच्या झग्याची बाही दोंगच्या अंगाखाली अडकलेली. त्याची झोप मोडू नये म्हणून सम्राटाने बाहीच कापली. तेव्हापासून ‘कापलेली बाही’ म्हणजे पुरुषांचं पुरुषांवरचं प्रेम. अलीकडचा शब्द ‘तोंगची’, म्हणजे ‘कॉम्रेड’. शब्दशः ‘समान ध्येयाचा’. हाँगकाँगमधल्या १९८९ च्या समलिंगी चित्रपट महोत्सवाने तो या अर्थाने पुढे आणला. आपल्याकडे मुंबईचा ‘हमसफर’ ट्रस्ट आणि पुण्याचा ‘समपथिक’ ट्रस्ट यांनी नावं निवडताना असाच विचार केलेला दिसतो : एका वाटेने चालणारे. ‘समपथिक’ हा सुंदर शब्द आहे, तो संस्थेच्या नावापलीकडे जायला हवा होता.

‘कोती’, ‘पंथी’, ‘एमएसएम’ यांत फरक काय? (सोलापूर)

‘कोती’ (काही ठिकाणी ‘कोथी’) हा त्या समाजाचा आपसांतला शब्द : वागण्या-बोलण्यात बायकी ढंग असलेला, पुरुषांकडे ओढा असलेला पुरुष. ‘पंथी’ म्हणजे कोतीचा पुरुषी जोडीदार. हे नाव कोती देतात, तो जोडीदार स्वतःला तसं क्वचितच म्हणवतो. ‘एमएसएम’, म्हणजे पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष, हा एड्सच्या काळात आरोग्यक्षेत्राने केलेला शब्द. लग्न झालेले, स्वतःला गे न मानणारे अनेक पुरुष ‘गे’साठीच्या कार्यक्रमांतून निसटत होते, आणि विषाणू नाव विचारून लागत नाही. त्यामुळे आरोग्याच्या अहवालात तो योग्य. माणसाच्या ओळखीसाठी वापरला तर प्रेम, जोडीदार, घर हे सगळं पुसून फक्त कृती उरते.

मराठीत या विषयावर उघड प्रश्नोत्तरं आधी झाली आहेत का? (ठाणे)

र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७ ते १९५३) मासिकात झाली. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली आणि समलिंगी संबंधांबद्दल बोलताना हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधार घेतला. निकाल कर्व्यांच्या विरोधात गेला.

मी भाषांतर करते. नेमकं काय लिहू? (बेळगाव)

व्यक्ती स्वतःला जे म्हणवते ते आधी. ते माहीत नसेल तर पुरुषासाठी ‘गे’ किंवा ‘समलिंगी’, संकल्पनेसाठी ‘समलैंगिकता’. ‘होमो’ हे आखूड रूप मराठीत शिवी म्हणूनच वापरलं जातं, मूळ संहितेत शिवी असेल तरच ठेवा. ‘तृतीयपंथी’, ‘पारलिंगी’ हे शब्द गे पुरुषासाठी वापरू नका. ‘उभयलिंगी’ जपून : जीवशास्त्रात तो दोन्ही जननेंद्रियं असलेल्या जीवासाठी आहे, तर एरवी दोघांकडेही ओढा असलेल्या माणसासाठी, म्हणून पहिल्यांदा येईल तिथे अर्धं वाक्य खर्चून अर्थ उघड करा. आणि जुन्या काळची संहिता असेल तर त्या काळचाच शब्द ठेवा. १८६४ च्या उर्निंगला ‘गे’ केलंत तर उलरिक्सने काय म्हटलं ते वाचकापर्यंत पोचणारच नाही.