फीड रीडर आजच्या काळात लावावा का, आणि ब्लॉगखालच्या चर्चा त्यात कशा आणाव्यात?

लावा. आजच लावा. फीड रीडर म्हणजे तुम्ही निवडलेल्या साइटवर नवं काही आलं की ते त्या साइटच्या फीडमधून एका ठिकाणी आणून देणारं ॲप. "फेसबुकवर सगळं आपोआप येतं, मग हे कशाला" असं तुमचे मित्र म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या घरात हेच वाक्य दाजी बोलतात, म्हणून लिहायला बसलोय.

माझे वडील सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साइझिंग खात्यात, म्हणजे सुताला खळ लावायच्या खात्यात होते. मिल बंद पडल्यावर बऱ्याच वर्षांनी तिथल्याच एका निवृत्त कामगाराने ब्लॉग सुरू केला. भोंगा, पाळ्या, पगाराच्या दिवशी गेटबाहेर भरणारा बाजार, सगळं लिहायचे. दाजी आणि मी दोघंही वाचायचो. दाजींनी त्यांचं फेसबुक पान लाइक केलं. मी ब्लॉगचं फीड घेतलं, आणि प्रतिक्रियांचंही वेगळं घेतलं, कारण खरा ऐवज लेखाखालीच असायचा. जुने कामगार, त्यांची मुलं, निम्मं मराठी निम्मं तेलुगू, कुठलं खातं कुठल्या अंगाला होतं यावर हमरीतुमरीवर यायचे.

पुढे ते गृहस्थ वारले. ब्लॉग थांबला. फीड मी काढलं नाही. गप्प पडलेलं फीड आपल्याकडे काही मागत नाही. आणि एका रात्री त्यात एक नवी प्रतिक्रिया दिसली, कितीतरी जुन्या लेखाखालची. लिहिणारे मूळचे सोलापूरच्या पूर्व भागातले, आता मुलाकडे हैदराबादला. बदली कामगार म्हणून गेटवर उभं राहायचे दिवस त्यांनी लिहिले होते, आणि त्यांना खात्यात कोणी घेतलं, स्वतःच्या डब्यातली भाकरी कोणी दिली, ते नाव-आडनावासकट. ते माझ्या वडिलांचं नाव होतं. आईला वाचून दाखवलं. तिने परत वाचायला लावलं, मग तेव्हाच्या त्या बदली पोराबद्दल तिला आठवेल ते सांगत बसली. मी तिथेच उत्तर लिहिलं, त्यांचं उलट उत्तरही फीडमधूनच आलं, आता फोनवर बोलणं होतं.

दाजींना यातलं काहीच दिसलं नव्हतं. म्हणाले, योगायोग आहे तुझा. योगायोग कसला! फीड म्हणजे साइटने ठराविक पत्त्यावर ठेवलेली एक फाइल. तुमचा रीडर थोड्या थोड्या वेळाने तिथे जाऊन नवीन काही आहे का बघतो, असेल ते आणतो आणि तारखेनुसार लावतो. कोणाला किती लाइक पडले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फेसबुक मात्र तुम्हाला काय दाखवायचं ते स्वतः ठरवतं, आणि बंद पडलेल्या मिलवरची एका म्हाताऱ्या माणसाची चार ओळींची प्रतिक्रिया तिथे कधीच वर येणार नाही.

आता तुमचं काम. फीडली किंवा इनोरीडरवर खातं काढा. अँड्रॉइडवर फीडर नावाचं ॲप आहे, आयफोनवर नेटन्यूजवायर, संगणकावर थंडरबर्डही चालतो. ब्लॉगचा पत्ता टाकला की बहुतेक वेळा रीडर फीड स्वतःच शोधतो. नाही सापडलं तर वर्डप्रेसवर चालणाऱ्या ब्लॉगच्या पत्त्यापुढे स्लॅश फीड लावा. सगळ्या प्रतिक्रियांसाठी स्लॅश कॉमेंट्स स्लॅश फीड. एकाच लेखाखालची चर्चा हवी तर त्या लेखाच्या पत्त्यापुढे स्लॅश फीड. गूगलच्या ब्लॉगर सेवेवरचा ब्लॉग असेल तर स्लॅश फीड्स स्लॅश कॉमेंट्स स्लॅश डिफॉल्ट. आरएसएस आणि ॲटम हे फीडचे दोन प्रकार, त्यातलं कुठलं यात वेळ घालवू नका, रीडरला दोन्ही कळतात. तुमच्या फीडांची यादी ओपीएमएल फाइलमध्ये (रीडर अशा याद्या याच प्रकारात देतात-घेतात) अधूनमधून उतरवून ठेवा, म्हणजे रीडर बदलला तरी ती सोबत येते.

"गूगल रीडर गेला तेव्हाच हे संपलं," हे दाजींचं दुसरं वाक्य. गूगल रीडर हा गूगलचा फीड रीडर १ जुलै २०१३ला बंद झाला, खरं आहे. पण आरएसएस १९९९ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीकडून आलं, ते गूगलच्या मालकीचं कधीच नव्हतं. दाजी अक्कलकोट रोडच्या कारखान्यावर जाता-येता गाडीत पॉडकास्ट ऐकतात. ते बहुतेक सगळे आजही आरएसएसवरच पोचतात!

वर्तमानपत्रांची फीडं घेऊ नका. दिवसाला शेकडो बातम्या येतात आणि ज्याच्यासाठी रीडर लावला ते छोटे ब्लॉग खाली दबतात. महिन्यातून एकदा लिहिणारी माणसं घ्या.

हो, काही गोष्टी फीडमध्ये येत नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुप आणि फेसबुकवरच्या चर्चा सोडून द्या. काही साइट फीडमध्ये अर्धाच मजकूर देतात. वर्डप्रेसच्या फीडमध्ये मालकाने बदललं नसेल तर शेवटच्या १० नोंदीच असतात, त्यामुळे जुनं वाचायला साइटवरच जावं लागतं. आणि साइटच बंद झाली तर फीडही जातं. जपावंसं वाटेल ते पान त्याच दिवशी पीडीएफ करून घ्या, प्रतिक्रियांसकट.