दम धरा : तीस लेंथचं गणित

प्रश्न : ताई, नमस्कार. वय ४१, नोकरी बँकेत, मुक्काम मनीषनगर. तीन वर्षांपासून सकाळी धावतो, दहा किलोमीटरच्या दोन शर्यती झाल्या आहेत. रविवारी मित्रांसोबत सायकलीनं सेमिनरी हिल्स चढून येतो. आता ऑफिसातल्या एकानं डोक्यात किडा सोडला आहे : जानेवारीत परगावी स्प्रिंट ट्रायथलॉन आहे, ती करायची. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. शेवटची दोन कामं जमतील. पोहणं लहानपणी गावच्या विहिरीत शिकलो, पण टँकमध्ये पन्नास मीटर झाले की छाती फुटते की काय असं वाटतं. धावताना दम लागत नाही, मग पोहतानाच काहून लागतो? फुप्फुसं कमजोर आहेत का? बायको म्हणते, धावता तेवढं पुरे, पाण्यात कशाला जीव घालता. सहा महिने हातात आहेत. काय करू?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : भाऊ, फुप्फुसं कमजोर असती तर दहा किलोमीटर धावलाच नसता. तुम्ही श्वास घेण्यात कमी पडत नाही, सोडण्यात पडता. हे मला वयाच्या ४८व्या वर्षी कळलं, तेही शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवून झाल्यावर. अंबाझरी रोडवरच्या तरणतलावात मी पंचवीस मीटर जायची आणि कठड्याला घोरपडीसारखी चिकटायची. आठवडाभर हे बघून आमचे पोहण्याचे सर म्हणाले, "म्याडम, तुम्ही श्वास घेऊनच राहिल्या. सोडून कधी राहिल्या?"

तोंड पाण्यात गेलं की आपण दम दाबून धरतो. मग मान वळवल्यावर मिळणाऱ्या त्या अर्ध्या सेकंदात दोन कामं येतात : जुना श्वास सोडा आणि नवा घ्या. जुना पुरता सुटत नाही, नवा अर्धाच येतो. आठ-दहा वेळा असं झालं की छातीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि शरीर बोंब मारतं. गुदमरल्यासारखं वाटतं ते बहुतेक त्यानंच. हवा संपलेली नसते. धावताना तोंड उघडंच असल्यामुळे ही भानगड होत नाही.

उपाय अगदी पोरकट आहे. कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून उभं राहायचं, तोंड पाण्यात घालून नाकातोंडातून "हूं" असं गुणगुणत बुडबुडे काढायचे, डोकं बाजूला वळवून नुसता श्वास घ्यायचा, पुन्हा तोंड आत. रोज शंभर वेळा. टँक बंद असेल त्या दिवशी मी घरी बादलीत करायची. पहिल्या दिवशी मुलगी न्हाणीघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, ऑनलाइन पैसे गेले का?"

आता गणित. टँकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं की एक लेंथ. आपल्याकडे टँक पंचवीस मीटरचा असेल तर ७५० मीटर म्हणजे तीस लेंथ. हा आकडा पहिला महिनाभर विसरा. आठवड्यातून तीनदा जा आणि एक लेंथ, वीस सेकंद विसावा, पुन्हा एक लेंथ, असंच करा. वेग इतका कमी ठेवा की शेजारच्या लेनमधले आजोबा पुढे जातील. जाऊ द्या. दुसऱ्या महिन्यात दोन-दोन लेंथ जोडा, तिसऱ्यात चार-चार. दिवाळीपर्यंत दहा सलग झाल्या तर तीस होतात, कारण तोवर श्वासाची गाडी रुळावर आलेली असते. मी चौदावर अडकून पडले होते, मग एका गुरुवारी तीस झाल्या. त्या दिवशी मी वेगळं काहीच केलं नव्हतं, मोजायला विसरले होते एवढंच.

आणि विहिरीत शिकलेलं ते बेडूक-पोहणं टाकून देऊ नका. ट्रायथलॉनच्या नियमात पोहण्याची कुठलीही पद्धत चालते. दम लागला तर पाठीवर तरंगा, बचावाची होडी किंवा बोया (मार्ग दाखवायला पाण्यात सोडलेला मोठा तरंगता फुगा) धरून थांबा. होडीच्या आधारानं पुढे सरकलं नाही म्हणजे झालं. हे बहुतेक नवख्यांना माहीतच नसतं आणि ती भीती ते उगाच सोबत घेऊन पाण्यात उतरतात.

टँक आणि तलाव यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझी पहिली शर्यत अशीच जानेवारीतली. पाणी चहाच्या रंगाचं, पुढे केलेला स्वतःचा पंजा दिसेना, टँकच्या तळाला असते तशी काळी रेघ नाही, धरायला कठडा नाही. पहिल्याच मिनिटात कुणाची तरी टाच गॉगलवर बसली. गार पाण्यानं छाती आखडली, श्वास कुत्र्याच्या धापेसारखा चालू झाला. दीडशे मीटरवर मी होडीची दोरी धरून लटकले. होडीतला पोरगा अगदी मायेनं म्हणाला, "काकू, परत जायचं का?" त्या "काकू"नं मला उरलेले सहाशे मीटर पार करवले.

त्यातून शिकले ते असं. गार पाण्यात उतरल्यावर श्वास असा उडतोच, पण एक-दोन मिनिटांत बसतो. म्हणून परवानगी असेल तर शर्यतीच्या दहा मिनिटं आधी उतरून घ्या, तोंडावर आणि मानेवर पाणी मारा, चार हात मारून बाहेर या. सुरुवातीला गर्दीच्या मध्ये घुसू नका. मागे, एका कडेला उभे राहा आणि पुढच्यांना जाऊ देऊन मग निघा. दर आठ-दहा हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढून दिशा बघा. बोया लाटेत दिसत नाही, म्हणून काठावरच त्याच्या मागचं मोठं झाड किंवा टाकी हेरून ठेवा.

याचा सराव करायला हवाच, पण फुटाळा किंवा अंबाझरी तलावात उतरायचा विचार स्वप्नातही आणू नका. गाळ आहे, जलपर्णी आहे, बचावाची सोय नाही. आणि अंबाझरी मनात आणलं तर काय करतो ते २०२३च्या सप्टेंबरात तो ओसंडून नागपुरात पूर आला तेव्हा अख्ख्या शहरानं बघितलं आहे. जिथे होडी आणि जीवरक्षक असतात अशा ठिकाणी, एखाद्या ग्रुपसोबत, कमरेला भडक रंगाचा तरंगता बोया बांधून दोनदा तरी पोहून या. एकट्यानं कधीच नाही.

तुमच्या सौ.चं म्हणणंही मी सोडून देणार नाही. ट्रायथलॉनमध्ये आजवर जे मृत्यू झाले त्यांतले बहुतेक पोहताना झाले आहेत, आणि त्यांत मध्यमवयीन पुरुष जास्त. चाळिशी उलटली आहे, तर ईसीजी, बीपी, साखर बघून डॉक्टरांशी बोला, आणि हे पुढच्या महिन्यावर ढकलू नका. पाण्यात छातीत दुखलं, विचित्र धाप लागली तर हात वर करायचा आणि थांबायचं. तिथे मर्दुमकीचं काही काम नाही. हे सगळं सौ.ला वाचून दाखवा, रिपोर्टही दाखवा.

सायकल आणि धावण्याची तुम्हाला चिंता नाही म्हणता, तर एकच सांगते. दोन्ही वेगवेगळं येणं आणि एकापाठोपाठ येणं यात फरक असतो. सायकलवरून उतरल्यावर पाय आपले वाटत नाहीत, लाकडाचे वाटतात. दीड-दोन किलोमीटर गेल्यावर सुटतात. सायकलीपाठोपाठ लगेच धावायच्या सरावाला 'ब्रिक' म्हणतात. दर पंधरा दिवसांनी काटोल रोडनं फेटरीकडे पंधरा-वीस किलोमीटर सायकल मारा आणि घरी आल्यावर पाणीही न पिता दारातूनच दोन किलोमीटर धावा. शेवटच्या किलोमीटरला हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवले की लाकूड जरा लवकर वितळतं. पावसात सिमेंट रोडचे सांधे सांभाळा. चाक त्यात गेलं की माणूस सांध्याबाहेर आणि सायकल सांध्यात.

ऑक्टोबरात ऊन चावतं, तेव्हा लांब सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून बघा. एक किलो घटलं तर साधारण एक लीटर घाम गेला. तो नुसत्या पाण्यानं भरू नका. साधं पाणी ढोसत राहिल्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही धोक्याचं असतं. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत झकास. ऊन लागू नये म्हणून आजी खिशात कांदा ठेवायची. ट्रायसूटला, म्हणजे शर्यतीच्या अंगाबरोबरच्या कपड्याला, तेवढा मोठा खिसा नसतो.

राहिलं कपडे-चपला बदलायचं ठिकाण, म्हणजे ट्रान्झिशन. घड्याळ तिथेही चालूच असतं. मी पहिल्या वेळी नऊ मिनिटं घेतली, कारण बोटांच्या बेचक्यातलं पाणी पुसत बसले होते. मोज्यात आधीच टाल्कम पावडर टाकून ठेवा. शंभर सायकलींत आपली सापडावी म्हणून दांडीला जुन्या साडीचा भडक फडका बांधा. हेल्मेट डोक्यावर, बक्कल लावलेलं, आणि मगच सायकलीला हात. उलट केलं तर दंड होतो. परतल्यावर सायकल आधी रॅकवर, मग हेल्मेट काढायचं. मी काढायचं विसरले आणि अर्धा किलोमीटर हेल्मेट घालून धावले. लोक टाळ्या वाजवत होते, मला वाटलं माझ्या वेगासाठी.

आदल्या रात्री सावजी नको आणि सकाळी तर्रीपोहे नकोत. शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी तेच खा जे सरावाच्या दिवशी पचलं आहे. मी साधे पोहे आणि एक केळं खाते.

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांची, महालात राहते. ट्रायथलॉन करायची फार इच्छा आहे. पोहायला येतं, पण त्या कपड्यांत चारचौघांत उभं राहायची लाज वाटते, आणि सासूबाई काय म्हणतील तेही आहेच. शिवाय घरी फक्त मुलाची जाड टायरची गिअरची सायकल आहे. नवी घेणं शक्य नाही. त्यावर जमेल का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : जमेल गं बाई, त्याच सायकलीवर जमेल. वीस किलोमीटरसाठी कुणी रेसची सायकल मागत नाही. जाड गोट्यांचे टायर काढून गुळगुळीत टायर टाक, हवा टायरवर लिहिलेल्या आकड्याएवढी भर, ब्रेक नीट करून घे आणि हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं असू दे, नाहीतर तपासणीत अडवतात. सीटची उंची तुझ्या मापाची कर : टाच पेडलवर ठेवली तर खालच्या टोकाला पाय सरळ झाला पाहिजे. मुलगा मागायला लागला की खाली करून द्यायची, एवढाच त्रास. रस्त्यावर पुढच्याच्या मागे चिकटून वाऱ्याचा फायदा घ्यायचा नाही, बहुतेक हौशी शर्यतींत ते चालत नाही. इअरफोनही नाहीत.

कपड्यांचं म्हणशील तर गुडघ्यापर्यंतचे, कोपरापर्यंतचे स्विमसूट दुकानात सर्रास मिळतात आणि महिलांची वेगळी बॅच असते, तिथूनच सुरुवात कर. शर्यतीत एकच ट्रायसूट तिन्ही कामांना चालतो. त्यावर बाहेर आल्यावर टी-शर्ट चढवलास तरी कोणी ओरडत नाही. फक्त सुती नको, ओला होऊन पाठीला गोणपाटासारखा चिकटतो. पाळीची तारीख त्याच दिवशी आली तर काय, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणारच. कप किंवा टॅम्पॉन, आणि आधी दोनदा टँकमध्ये वापरून बघ. शर्यतीच्या दिवशी कुठलीच गोष्ट पहिल्यांदा करायची नसते.

सासूबाईंना शर्यत बघायला घेऊन जा. माझ्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी तोंड फिरवलं होतं. दुसऱ्या वर्षी ट्रान्झिशनच्या जाळीबाहेर उभं राहून ओरडत होत्या, "अगं, हेल्मेट काढ!"

प्रश्न : ट्रायथलॉन आणि आयर्नमॅन एकच का? मला थेट आयर्नमॅन करायचं आहे. वय १९.
— एक विद्यार्थी, वर्धा

उत्तर : नाही रे राजा. ट्रायथलॉन हा खेळ, आयर्नमॅन त्यातलं एक फार दमवणारं अंतर. स्प्रिंटच्या वर ऑलिंपिक अंतर येतं : दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० धावणं, ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला. आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि वर ४२.२ धावणं. सायकलीनं नागपूरहून निघून अमरावती मागे टाकायची आणि तिथे उतरून अख्खी मॅरेथॉन धावायची, असं समज. १९७८ साली हवाईत पहिल्यांदा झाली तेव्हा १५ जण उतरले, १२ पोचले. मॉडेल-अभिनेता मिलिंद सोमणनं २०१५ मध्ये झुरिकला केली तेव्हा तो ४९ वर्षांचा होता, म्हणजे तुला घाई करायचं कारण नाही. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका सायकलीनं आडवी पार केली, १२ दिवसांच्या आत. तेही एका रात्रीत झालं नव्हतं.

तू आधी पंक्चर काढायला शिक. वर्ध्याहून सेवाग्रामला जा, वाटेत मागच्या चाकाची हवा मुद्दाम सोड, ट्यूब बाहेर काढ आणि पुन्हा बसव. किती मिनिटं लागली ते मला कळव.